बाबांना डायबेटिस नाही, मग स्ट्रोकनंतर शुगर २१८ कशी?

कोथरूडची_लेक
बाबा ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, शुगर कधीच नव्हती. परवा पहाटे उठले तेच जीभ जड, उजव्या हातातून ब्रश निसटला. कर्वे रस्ता रिकामा होता, झटकन पोचलो. पण झोपेत नक्की कधी झालं ते कळेना, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. एमआरआयमध्ये मेंदूत डावीकडे खोलवर छोटा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. काल सकाळी पायही उचलेना, स्ट्रोकचा स्कोअर ४ चा ८ झाला.

दाखल करतानाची शुगर २१८, एचबीए१सी ६.१. राउंडला डॉक्टर म्हणाले, "शुगर वाढलेल्यांचं कधी कधी असं बिघडतं," आणि गेले पुढच्या बेडकडे. आत्याने तेवढ्यावर निकाल लावला: रविवारचं श्रीखंड! वाढलं आईने, त्यामुळे आई काल जेवलीच नाही.

खरंच श्रीखंडाने झालं का? आणि इन्सुलिन देऊन सरळ १०० वर का आणत नाहीत? चार्टवर १६५, १७२ दिसतं आणि सिस्टर म्हणतात "छान आहे".

सातारकर
कारल्याचा रस द्या सकाळ-संध्याकाळ. आमच्या काकांना गुण आला.

निवृत्त_सिस्टर
सातारकर, रस राहू द्या. स्ट्रोकच्या पेशंटची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून पाणीसुद्धा देत नाहीत. फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया.

लेकी, आधी आईला जेवायला घाल. एका वाटी श्रीखंडाने स्ट्रोक येत नाही, आणि रविवारची साखर परवापर्यंत रक्तात मुक्काम करत नाही. मेंदूला दणका बसला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन सोडतं आणि लिव्हर साठवलेली साखर बाहेर काढतं. डायबेटिस नसतानाही.

आता हिशेब. एचबीए१सी म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी. त्याला २८.७ ने गुणायचं, ४६.७ वजा करायचे. ६.१ चे येतात १२८. म्हणजे बाबांची नेहमीची सरासरी १२८ आणि त्या पहाटे २१८, जवळजवळ १.७ पट. ज्याचं एचबीए१सी ९ आहे त्याची सरासरीच २१० च्या पुढे, त्याला २१८ म्हणजे रोजचंच. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा हे गुणोत्तर जास्त बोलतं. ते जास्त असलेल्यांत पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडण्याचं प्रमाण जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

पण शुगरने बिघडवलं की बिघडणाऱ्याचीच शुगर वाढते, हे त्यातून सुटत नाही. दोन्ही थोडं थोडं असावं. शिवाय खोलवरच्या बारीक रक्तवाहिनीचं तोंडच बंद होत आलं असेल, तर असे स्ट्रोक टप्प्याटप्प्याने वाढतात, शुगर कितीही असो. मी वॉर्डात असताना संध्याकाळी हात हलवणारे सकाळी न हलवणारे पुष्कळ पाहिले.

१०० वर आणून पाहिलंय अमेरिकेत. शाइन ट्रायल, २०१९, ११५१ पेशंट. एका गटाला ८० ते १३० मध्ये ठेवलं, दुसऱ्याला १७९ पर्यंत सूट. तीन महिन्यांनी बरं होण्यात फरक शून्य. उलट कडक गटात २.६ टक्के लोकांची शुगर ४० च्या खाली घसरली. म्हणून १४० ते १८०. तुमच्या सिस्टर बरोबर बोलतायत हो.

कोथरूडची_लेक
आईला वाचून दाखवलं, आत्त्ता पोहे खातेय. आत्याचं मी बघते. एक विचारायचं राहिलं, बाबांचं हिमोग्लोबिन ९.२ आहे. काही संबंध?

निवृत्त_सिस्टर
आहे तर! लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटंच थोडं चढतं. तसं असेल तर खरी सरासरी १२८ पेक्षाही कमी आणि ते गुणोत्तर आणखी वर. उद्या राउंडला फेरिटिनचं (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) विचार, आणि रक्त कुठे जातंय का तेही, कारण आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणार. शौचाचा रंग काळा दिसला तर राउंडची वाट बघू नकोस.