मदत हवी आहे: ओहेअर ते सीडर रॅपिड्स, छोटं जेट, इकॉनॉमी, आईबाबांचा पहिला प्रवास

आयोवाकर

नमस्कार मंडळी,

आईबाबा (वय ६८ आणि ७३) नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदाच इकडे येतायत. तिकीट सलग एकच आहे, लुफ्तान्झाचं: मुंबई, फ्रँकफर्ट, शिकागो, आणि शेवटचा टप्पा ओहेअर (शिकागोचा विमानतळ) ते आयोवातलं सीडर रॅपिड्स, युनायटेड एक्सप्रेसचा (युनायटेडच्या नावाने छोट्या कंपन्या चालवतात ती विमानं). मोठ्या विमानांचे जुने धागे वाचून झालेत. प्रश्न आहेत ते या शेवटच्या तासाभराच्या विमानाचे.

केबिन बॅगा वर मावतात का? नाही मावल्या तर काय करतात? बाबांचे गुडघे दुखतात, काठी लागते. पायऱ्या चढाव्या लागतील का? सीट कुठली घ्यावी? (लुफ्तान्झाच्या साइटवर या टप्प्याची सीट निवडताच येत नाहीये.) आणि ओहेअरला मध्ये २ तास १० मिनिटं आहेत, ती पुरतील का?

बाबा रात्री सीपॅप (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून मास्कचं मशीन) लावतात. दोघांना इंग्रजी वाचता येतं, पण भराभर बोललेलं कळत नाही.

रॅम्पवाला

तिकिटावर त्या टप्प्यापुढे विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी बघा. तुमची निम्मी उत्तरं त्यावर ठरतात. युनायटेड एक्सप्रेसची छोटी जेट प्रामुख्याने तीन प्रकारची: एम्ब्रेअर १७५, सीआरजे-२०० आणि सीआरजे-५५०.

एम्ब्रेअर १७५ असेल तर फार काळजी नको. ७० ते ७६ सीटा, इकॉनॉमीत दोन-दोनची रांग, मधली सीट हा प्रकारच नाही. आतली उंची २ मीटर, म्हणजे उंच माणूसही ताठ चालतो. इंजिनं पंखाखाली. एक स्वच्छतागृह पुढे, एक मागे. खिडकीकडची भिंत खांद्याला टोचत नाही, कारण विमानाचा छेद निव्वळ गोल नाही. मोठं वर्तुळ वर आणि लहान खाली जोडल्यासारखा आहे, आणि सर्वांत रुंद भाग बसलेल्या माणसाच्या वरच्या अंगाला येतो. गुडघ्यापुढची जागा ३०-३१ इंच, भारतातल्या एअरबस ३२० इतकीच धरा.

सीआरजे-२०० म्हणजे ५० सीटा, सगळी इकॉनॉमी. मधल्या वाटेत उंची साधारण १.८५ मीटर. खिडक्या इतक्या खाली की बाहेर बघायला मान वाकवावी लागते. खिडकीच्या सीटवर पावलांकडची जागा भिंतीच्या गोलाईने खाल्लेली असते. स्वच्छतागृह एकच, पार मागे. इंजिनंही शेपटीला, त्यामुळे शेवटच्या चार-पाच रांगांत कानठळ्या बसतात. हवाईसुंदरीही एकच, कारण अमेरिकेत ५० सीटांमागे एक असा नियम आहे.

सीआरजे-५५० हे मुळात ७० सीटांचं सीआरजे-७००, त्यात मुद्दाम ५० च सीटा बसवलेल्या. बॅगांसाठी वेगळी कपाटं आहेत, म्हणून बरं. इतक्या कमी सीटा का? मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांच्या करारात छोट्या कंपन्यांकडून किती सीटांची किती विमानं चालवून घ्यायची यावर मर्यादा आहे. एम्ब्रेअरमध्ये ८८ पर्यंत सीटा बसू शकतात, तरी अमेरिकेत गाडी ७६ वर अडते ती त्याच करारामुळे.

आयोवाकर

तिकिटावर एम्ब्रेअर १७५ आहे. 'ऑपरेटेड बाय स्कायवेस्ट' असंही लिहिलंय. म्हणजे स्कायवेस्टचा काउंटर शोधायचा का?

रॅम्पवाला

नाही, अजिबात नाही. विमान आणि कर्मचारी स्कायवेस्टचे. काउंटर, गेट, पाट्या सगळं युनायटेडचं. फक्त एक करा: तिकिटावर लुफ्तान्झाचा एलएच क्रमांक असेल, त्याच फ्लाइटला युनायटेडचा यूए क्रमांकही असतो. फलकावर तोच ठळक दिसतो, एलएच कधी आलटून पालटून दिसतो, कधी दिसतच नाही. यूए क्रमांक, 'शिकागो ते सीडर रॅपिड्स' आणि सुटायची वेळ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या खिशात द्या. गेट मात्र लिहू नका. छोट्या विमानांची गेटं ओहेअरला सारखी बदलतात.

आणि आदल्या दिवशी विमानाचा प्रकार पुन्हा तपासा, बदलू शकतो.

गेटचेक_गुरुजी

बॅगांचं मी सांगतो. गोंधळ इथेच होतो.

लुफ्तान्झाची केबिन बॅग ५५ × ४० × २३ सेंमी, ८ किलो. युनायटेडची मर्यादा ५६ × ३५ × २२. फरक रुंदीत आहे. ४० सेंमी रुंद बॅग फ्रँकफर्टपर्यंत, शिकागोपर्यंत सुखाने येते आणि शेवटच्या विमानात अडते. नवीन घेणार असाल तर ३५ सेंमीचीच घ्या, बाहेरचे कप्पे फुगवू नका. एम्ब्रेअर १७५ मध्ये अशी चाकांची बॅग वर बसते, पण कप्पे लवकर भरतात. सीआरजे-२०० मध्ये चाकांची कुठलीच बसत नाही. तिथे फक्त पाठीवरची सॅक किंवा मऊ झोळी.

नाही बसली तर गेटवर बॅगेला टॅग लावतात. हा टॅग दोन प्रकारचा असतो आणि तो कुठला ते विचारायलाच हवं. पहिल्यात बॅग विमानाच्या दाराशी ठेवायची आणि उतरल्यावर तिथेच, दाराबाहेरच्या बोगद्यात (विमान आणि गेट जोडणाऱ्या) परत मिळते. दुसऱ्यात ती चेक-इन सामानात जाते आणि थेट पट्ट्यावर येते. आईबाबांनी एवढंच विचारावं: "प्लेन साइड ऑर बॅगेज क्लेम?" टॅगचा फाडलेला तुकडा जपून ठेवायचा.

पहिला प्रकार असेल तर उतरल्यावर लोंढ्याबरोबर पुढे चालू पडायचं नाही. बोगद्यात भिंतीकडेला उभं राहायचं, पाच-दहा मिनिटांत बॅगा वर आणून देतात. नवखे नेमके इथेच चुकतात, टर्मिनलमध्ये निघून जातात आणि मग परत आत येऊ देत नाहीत. आयोवातला नोव्हेंबर आहे आणि त्या बोगद्यात हीटर असेलच असं नाही. जाड कोट बॅगेत न ठेवता अंगावर किंवा हातात ठेवा.

टॅग लागायच्या आधी बॅगेतून बाहेर काढायचं ते: पासपोर्ट आणि कागदपत्रं, सगळी औषधं, चष्मा, दागिने, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालतच नाही, तो नियमच आहे. बाकीचं आपल्या भल्यासाठी. यावर सोपा तोडगा: या सगळ्या वस्तू सुरुवातीपासूनच बॅगेत सगळ्यात वर एका कापडी पिशवीत ठेवा. गेटवर उचकापाचक न करता ती एक पिशवी उचलायची, बस.

कांदेपोहे

गुरुजींना +१. भाजणी, मेतकूट, चटण्या केबिन बॅगेत भरू नका. शिकागोला पुन्हा सुरक्षा तपासणी आहे आणि ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर दिसली की डबा उघडून बघतात, वेळ जातो. लोणचं आणि तूप तर द्रवातच धरतात. सगळं मोठ्या बॅगेत. ताजा कढीपत्ता आणि आंबे कुठेच नकोत, ते कस्टम्समध्ये काढून घेतात. जे खायचं आणलंय ते विचारल्यावर सरळ सांगायचं, लपवायचं नाही.

शिकागो_सेंट्रल

२ तास १० मिनिटं कागदावर चालतात, म्हणूनच तिकीट निघालं. व्हीलचेअरसह पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मी ती घेणार नाही. क्रम बघा:

लुफ्तान्झा टर्मिनल ५ ला उतरतं. तिथे इमिग्रेशन. मग मुंबईहून थेट सीडर रॅपिड्सचा टॅग लावलेल्या असल्या तरी मोठ्या बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि लगेच असलेल्या री-चेकच्या जागी परत द्यायच्या. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर हे करावंच लागतं. "बॅगा थेट जातील" हे मुंबईच्या काउंटरवर ऐकून लोक निर्धास्त होतात आणि बॅगा टर्मिनल ५ लाच राहतात. फ्रँकफर्टला घेतलेली बाटली किंवा परफ्यूम असेल तर री-चेकच्या आधी मोठ्या बॅगेत टाका, पुढे १०० मिलीच्या अटीमुळे अडू शकते.

तिथून विमानतळाच्या आतल्या गाडीने टर्मिनल १ किंवा २, आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. टर्मिनल १, २ आणि ३ तपासणीनंतर आतून जोडलेले आहेत, त्यामुळे चुकीच्या टर्मिनलची रांग पकडली तरी बिघडत नाही, चालावं मात्र लागतं. विमानाचं दार सुटायच्या १५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे हातात आहे १ तास ५५ मिनिटं, फ्रँकफर्टचं विमान वेळेवर आलं तर.

लुफ्तान्झाला फोन करून त्याच तिकिटावर पुढची फ्लाइट मागा, साडेतीन-चार तासांचं अंतर मिळालं तर उत्तम. पण दिवसातली शेवटची घेऊ नका. ती चुकली किंवा रद्द झाली की रात्र शिकागोत, आणि कारण हवामानाचं असेल तर हॉटेलचा खर्च बहुधा आपलाच. गाडीने आणायचं म्हटलं तर एका बाजूने चार तास.

आयोवाकर

बापरे, री-चेकचं माहीत नव्हतं. फोन करते. सीट आणि व्हीलचेअरचं त्याच फोनवर होईल का?

शिकागो_सेंट्रल

सीटसाठी त्यांच्याकडून युनायटेडचा वेगळा सहा अक्षरी बुकिंग क्रमांक मागून घ्या. तो लुफ्तान्झाच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो. युनायटेडच्या साइटवर तो आणि आडनाव टाकलं की सीट नकाशा उघडतो. तिथेच फ्लाइट स्टेटसच्या सूचना तुमच्या स्वतःच्या नंबरवर लावून ठेवा, म्हणजे गेट बदललं की तुम्हाला कळेल आणि तुम्ही फोन कराल. ओहेअरला वायफाय फुकट आहे, व्हॉट्सॲप चालेल.

रॅम्पवाला

सीट: एम्ब्रेअरमध्ये पंखाच्या आसपासची कुठलीही. धक्के कमी बसतात. बाबांना वाटेकडची द्या, गुडघा लांब करता येतो.

कांदेपोहे

त्यापेक्षा इकॉनॉमीची अगदी पहिली रांग? पुढे कोणी मागे रेलत नाही.

रॅम्पवाला

गुडघे दुखणाऱ्याला ती नको. समोर पडदी असते, पाय लांब करायला पुढच्या सीटखालची पोकळी मिळत नाही. शिवाय हातातली पिशवीसुद्धा उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी वर ठेवावी लागते. 'एक्झिट रांग जादा जागेची' हा सल्लाही इथे गैरलागू: एम्ब्रेअर १७५ ला पंखावर दारंच नाहीत, चारही दारं टोकांना. सीआरजेला पंखावर आहेत, पण तिथे इंग्रजी सूचना समजणारा आणि दार उघडू शकणारा माणूसच बसवतात.

विमान बदलून सीआरजे-२०० आलं तर आणखी एक गोष्ट आईबाबांना आधीच सांगून ठेवा. वजनाचा तोल साधायला सुटण्याआधी दोन-चार जणांना पुढून मागे किंवा मागून पुढे बसवतात. उठायला सांगितलं म्हणजे काही चुकलं असं नाही. तसंच सीडर रॅपिड्सला धुकं किंवा बर्फ असेल तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं जास्त इंधन घ्यावं लागतं, वजन मर्यादेबाहेर गेलं तर काही बॅगा मागे ठेवतात. त्या पुढच्या विमानाने येतात. बाबांच्या निदान आठवड्याच्या गोळ्या आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत हवेतच.

डी-आयसिंगचंही (पंखांवरचा बर्फ काढण्याचं) सांगा. थंडीत सुटण्याआधी पंखांवर केशरी आणि कधी वरून हिरवट द्रव फवारतात, खिडकीवर ओघळतो, गोडसर वास येतो, हवेचा झोत थोडा वेळ बंद होतो. दहा-वीस मिनिटं जातात. पहिल्यांदा बघणारा दचकतो.

गेटचेक_गुरुजी

व्हीलचेअर मागताना नुसतं "व्हीलचेअर" म्हणू नका, कोड विचारून नोंदवून घ्या. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नको, विमानाच्या आत मात्र चालता येतं. बाबांसाठी दुसरा. ओहेअर आणि सीडर रॅपिड्सला सहसा बोगदाच लागतो, पण क्वचित विमान उघड्यावर उभं राहिलं तर पायऱ्या किंवा लांब उतार येतो, तेव्हा हा कोड कामाला येतो. निदान ४८ तास आधी नोंदवा, आणि मग युनायटेडला वेगळा फोन करून त्यांच्या बाजूला तो दिसतोय ना ते विचारा. एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना विनंती गळते.

आईंनाही लांब चालणं जमत नसेल तर दोघांसाठी मागा, नाहीतर एकच. एक माणूस ढकलणारा आणि आई सोबत, हे सगळ्यात सुटसुटीत. गेटवर सोडून गेला की त्याने पुन्हा येण्याची वाट न बघता बाबांनी गेटवरच्या कर्मचाऱ्याला "व्हीलचेअर, प्री-बोर्डिंग" (म्हणजे इतरांच्या आधी विमानात सोडा) एवढं सांगून ठेवावं. पाच-दहा डॉलर सुटे द्या, टीपची पद्धत आहे. काठी सामानात मोजत नाहीत.

आयोवाकर

मनापासून आभार सगळ्यांचे. संध्याकाळची फ्लाइट मिळाली, मध्ये ३ तास ४० मिनिटं, त्यानंतर अजून एक आहे. डब्ल्यूसीएचएस नोंदवून घेतलं. युनायटेडच्या साइटवर दोघांच्या शेजारच्या सीटाही घेतल्या. फक्त सीपॅपचं राहिलं.

कांदेपोहे

सीपॅप वैद्यकीय उपकरण आहे, केबिन बॅगेच्या संख्येत धरत नाहीत. त्याच्या स्वतःच्या पिशवीत न्या, बाहेर 'मेडिकल डिव्हाइस' अशी चिठ्ठी लावा आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र आत ठेवा. टॅग लावायला मागितली तर द्यायची नाही. शिकागोच्या तपासणीत मशीन बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळं ठेवावं लागतं, मास्क आणि नळी पिशवीतच राहू देतात. ट्रेवर पसरायला एक स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी द्या. पाण्याची टाकी मुंबईत घरीच रिकामी करून कोरडी करा. डिस्टिल्ड वॉटर तिकडे कुठल्याही किराणा दुकानात गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं, ते आदल्या दिवशी आणून ठेवा. मशीनच्या ॲडाप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. असेल तर ट्रान्सफॉर्मर नको, फक्त चपट्या पिनांचा प्लग पुरतो.