प्रतिसाद: गॉसेट आणि गायकांचे स्वातंत्र्य

चिकित्सक आवृत्तीमुळे, म्हणजे मूळ हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेल्या स्वरलिपीमुळे, ऑपेरा-गायकाचे हात बांधले जातात, असे मत मांडले जाते; ते मत फिलिप गॉसेट (१९४१–२०१७) यांचे काम पाहता मला पटत नाही. शिकागो विद्यापीठात अध्यापन करीत रोसिनी आणि व्हेर्दी या इटालियन ऑपेरा-संगीतकारांच्या रचनांच्या आवृत्त्यांचे संपादन करणारे हे संशोधक गायकांसाठी अलंकरणेही (मूळ सुरावट सजवणाऱ्या स्वरांच्या जागा) स्वतः लिहून देत असत. रोसिनीने १८१३ साली इटलीतील फेरारा शहरातल्या प्रयोगासाठी लिहिलेला ‘तांक्रेदी’ या ऑपेराचा शोकांत शेवट दीर्घकाळ हरवलेला होता, त्याचे हस्तलिखित लेकी घराण्याकडून पुढे आले आणि गॉसेट यांच्यामुळे तो पुन्हा रंगमंचावर पोहोचला. नायक (ही भूमिका गायिकाच गाते) मरताना तिथे टाळ्या घेणारी तान नाही; तुटक शब्दांखाली तंतुवाद्यांचे मंद सूर हळूहळू विरत जातात. हा शेवट निवडण्याची मुभा आजच्या गायिकेला संशोधनानेच दिली आहे.