मोठेबाबा: निळू फुलेंचा ‘सामना’ सिनेमा पाह्यला का कोणी?

सोनू: (निळू फुलेंचं ‘बाई, वाड्यावर या’ वालं स्टिकर)

मोठेबाबा: सोनू बेटा, हा माणूस स्टिकरापुरता नाही. 1968 मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ आला, त्यात झेलेअण्णा केला त्यानं. पहिलाच सिनेमा. पुढं जत्रेतल्या तंबूत तो लागला तवा आम्ही बंडी जुंपून गेलो होतो.

आत्या: मले आठवते न! बायांची बाजू अलग, मधात कनात. मी मायच्या मांडीवर होती. तो पडद्यावर काही बोलला नाही, बाईकडे नुसता पाहत राह्यला, अन् मायनं पदर कपाळापर्यंत ओढला. त्या अंधारात!

मोठेबाबा: तेच सांगतो मी. आरडाओरडा नाही, आवाज खाली, मान जराशी तिरपी. गावातला खरा दांडगा असाच हळू बोलते, त्याले ओरडायचं कामच नसते. ‘सामना’तला हिंदुराव साखरवाला. आपल्याकडं ऊस कुठं, आपला कापूस. पण मले तो पाहून एक जिनिंगवाला शेठ आठवला. बाबा कापसाच्या चुकाऱ्यासाठी, म्हंजे पैशासाठी, दोन महिने त्याच्या दारात गेले. तो रोज हसून म्हणे, “पाटील, उद्या या न.” उभं राहून चहा पाजे. बाबा चहा पिऊन परत येत. हिंदुराव अगदी तसाच हसते.

काकू: त्यात डॉ. लागू मास्तर आहेत न? मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत राहतात ते.

मोठेबाबा: हाव. जब्बार पटेलांचा सिनेमा, लिहिला विजय तेंडुलकरांनी. 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला होता.

ताई: मला तर ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस जास्त आवडतो. पत्रकार. सगळं दिसतं त्याला अन् करता काहीच येत नाही. आणि मोठेबाबा, निळू फुले आधी पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळी होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढं आले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगानं नाव झालं.

मोठेबाबा: म्हणून तर जमलं त्यायले. ज्या पाटील-सावकारांविरुद्ध जन्मभर उभे राह्यले, त्यायलेच एवढं बारीक पाहून ठेवलं. नुसता राग असता तर राक्षस उभा केला असता. त्यायनं माणूस उभा केला, म्हणून भेव वाटते. लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीचं, म्हंजे कार्यकर्त्यायले मदत करायच्या निधीचं, काम केलं, अंधश्रद्धा निर्मूलनात फिरले. 13 जुलै 2009 ले गेले तवा मी दिवसभर वावरात गेलो नाही.

सोनू: मोठेबाबा, मी ‘सामना’ पाहिलाच नाही अजून.

मोठेबाबा: पोळ्याले येतेस न? ओसरीत चादर लावू. दादा, तुझं ते प्रोजेक्टर घेऊन ये.

दादा: आणतो.

आत्या: बाया पुढं बसतीन यावेळी. कनात नको.