मदत हवी आहे : शाडूच्या मूर्ती आणि माझ्या सबबी

नमस्कार. मी गेली 4 वर्षे घरच्या घरी शाडूच्या गणेशमूर्ती करून विकते. नोकरी सोडली तेव्हा वाटले होते की डोक्यावर साहेब नसला की काम आपोआप पुढे सरकेल. प्रत्यक्षात जाब विचारणारे कोणी नसल्यामुळे सबबींना मोकळे रान मिळाले आहे. सकाळी माती मळायला बसावे तर आधी कोरण्या पुसाव्यात, मग हिशेबाची वही लिहावी, मग रंगांचे दर विचारावेत, असे करता करता दुपार होते आणि ओल्या फडक्याखालचा मातीचा गोळा तसाच राहतो.

शाडूला मात्र चालढकल खपत नाही. पावसाळी हवेत मूर्ती सावकाश सुकते आणि घाईने कडक उन्हात ठेवली तर तडे जातात. गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात 11 मूर्ती रंगवायच्या होत्या. त्यांतल्या दोन मूर्तींचा रंग, अंग ओलसर राहिल्याने, सोंडेपाशी पोपडे धरून निघाला आणि पैसे परत करावे लागले. गंमत म्हणजे डोळ्यांची आखणी हे माझे सर्वांत आवडते काम, आणि तेच मी सर्वाधिक पुढे ढकलते, बहुधा हात चुकण्याच्या भीतीने.

वेळापत्रकही करून पाहिले (त्याच्या रंगीत चौकटी आखण्यातच एक दिवस गेला). एकट्याने कारागिरीचा व्यवसाय करणाऱ्यांनी स्वतःला कामाला कसे बसवले? रोज मूर्तींचा आकडा ठरवावा की तास? आणि आगाऊ रक्कम घेतल्याने खरोखर धाक राहतो का, की नुसतेच दडपण वाढते?