मदत हवी आहे : बैलाच्या खांद्याला आणि गाईच्या सडाला जांभळे औषध लावावे का?

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत. पाळीच्या कामात जू घासून आमच्या एका बैलाच्या खांद्यावर जखम झाली असून तिची कड टणक आणि मधला भाग ओला, लालसर आहे. घरात जेन्शियन व्हायोलेटची बाटली आहे. शेजारी म्हणतात की हे औषध आणि पाण्यात टाकायचे पोटॅशियम परमँगनेटचे खडे एकच आहेत. गोठ्यातील दुभत्या गाईच्या सडांनाही चिरा पडल्या आहेत. दोन्हीकडे हेच औषध चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपल्या शेजाऱ्यांचा समज बरोबर नाही. रंग सारखा दिसला तरी परमँगनेट हा मँगनीज या धातूचा ऑक्सिडीकारक (इतर पदार्थांचे ऑक्सिडीकरण करणारा) क्षार आहे. ते साधारण १ ग्रॅमला १० लिटर पाणी इतके पातळ करून जखम धुण्यासाठी वापरतात आणि त्याचा डाग काही वेळाने तपकिरी होतो. जेन्शियन व्हायोलेट हा मात्र कृत्रिम सेंद्रिय रंग आहे आणि त्याचा डाग जांभळाच राहतो. १८८४ मध्ये डेन्मार्कचे जीवाणुशास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जीवाणू ओळखण्यासाठी याच वर्गातील रंग वापरला. ज्यांची पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) जाड असते ते जीवाणू रंग धरून ठेवतात, आणि औषध म्हणूनही तो प्रामुख्याने त्यांच्यावर आणि कँडिडासारख्या बुरशीवर चालतो. इतर अनेक जीवाणूंवर त्याचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे प्रत्येक पुवाळलेल्या जखमेवर तो उपयोगी पडेलच, असे धरून चालू नये.

बैलाच्या बाबतीत माझे मत असे की आधी जू काढावे, कारण घर्षण चालू असेल तर कोणतेही औषध टिकत नाही. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करावी. जांभळा रंग फासला की खालची लाली झाकली जाते आणि जखम पसरते आहे की भरते आहे, हे पशुवैद्यकालाही नीट कळत नाही. म्हणून ती त्यांनी पाहिल्याखेरीज रंग लावू नये. माश्या बसून अळ्या पडल्या असतील, तर त्यांच्यावर या औषधाचा भरवसा नाही.

गाईच्या सडांना मात्र ते अजिबात लावू नये. त्याचे अंश दुधात उतरण्याचा धोका आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्या कर्करोगकारक परिणामांचे पुरावे मिळाल्याने कॅनडाच्या आरोग्य विभागाने २०१९ मध्ये माणसांच्या व पशूंच्या औषधांतील त्याच्या वापराबाबत इशारा दिला होता. आपल्याकडे जुन्या सवयीने ते अजूनही घरोघरी असते, हे मला खटकते. सडांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून योग्य मलम लिहून घ्यावे आणि दूध किती दिवस वापरू नये, हेही तेथेच विचारावे. बाटलीवरील तीव्रता व मुदत वाचून येथे कळवल्यास पुढे सांगता येईल.