नवीन गाडी घेताना सूट कशी मिळवलीत? तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि डिसेंबरात प्रत्येक शोरूमबाहेर सवलतीचे फलक लागतात. फलकावरचा आकडा आणि प्रत्यक्ष खात्यातून गेलेली रक्कम यांचा मेळ बहुतेकांना गाडी घरी आल्यावरच लागतो. म्हणून हा धागा. गाडी कोणत्या महिन्यात घेतली, काय मागितलं, काय मिळालं, कशावर अडलं, सगळं मोकळेपणाने लिहा. एकच विनंती, नुसतं 'पन्नास हजार सुटले' असं लिहू नका. पन्नास हजारांची सूट देऊन चाळीस हजारांचं ॲक्सेसरीज पॅकेज गळ्यात मारलं असेल, तर ती सूट दहा हजारांचीच. ऑन रोड, म्हणजे कर, विमा सगळं धरून, काय पडली ते सांगा.

सुरुवात मी करते. मी पुण्याची. छोटी पेट्रोल गाडी घ्यायची होती. पहिल्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम (नोंदणी आणि विम्याआधीची गाडीची किंमत), आरटीओ, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज, 'हँडलिंग' असं सगळं एका दमात छापलेलं होतं. मी प्रत्येक ओळ वेगळी धरून बोलले. आरटीओचा कर आपल्याकडे महाराष्ट्रात ठरलेला असतो. खासगी पेट्रोल गाडी दहा लाखांपर्यंत असेल तर 11 टक्के, दहा ते वीस लाख 12, त्यापुढे 13. तिथे कोणी कमी-जास्त करू शकत नाही. खरी जागा विम्यात होती. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, 2018च्या सप्टेंबरपासून. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो, आणि तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. मी तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीला साधारण एक्स-शोरूमच्या 95 टक्के) आणि तेच ॲड-ऑन, म्हणजे झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम), असं बाहेरून काढून नेलं. शोरूमचा आकडा 52 हजार होता, बाहेरचा 37. कागद समोर ठेवल्यावर त्यांनी 39 केले. क्लेमच्या वेळी कॅशलेस सोपं जावं म्हणून मी त्यांच्याकडूनच घेतला. 'हँडलिंग' म्हणजे नक्की कशाचे पैसे, असं विचारल्यावर ती ओळ निघून गेली. रोख सूट मला इतरांपेक्षा कमीच मिळाली असेल, पण एकूण रकमेवर मी समाधानी आहे.

साताऱ्याहून

ताई, चांगला विषय घेतलात. मी फौजेतून निवृत्त. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस सैन्यात, तरी कँटीनमधून गाडी घेता येते हे कित्येक जणांना ठाऊक नसतं. कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटला निम्म्या जीएसटीचा परतावा मिळतो, म्हणून तिथली किंमत मुळातच कमी असते. डीलरकडून गाडी उपलब्ध असल्याचं पत्र घ्यायचं, पोर्टलवर अर्ज करायचा, पैसे डीलरला न देता कँटीनच्या खात्यात भरायचे, मग डीलरला ऑर्डर जाते. रँकप्रमाणे किमतीची मर्यादा आहे, आणि दोन गाड्यांमध्ये काही वर्षांचं अंतर ठेवावं लागतं. वेळ लागतो, मुहूर्ताची घाई असेल तर हा रस्ता नको. आणि महिन्याची ऑफर कँटीनच्या किमतीवर मिळेलच असं नाही. एखाद्या महिन्यात बाहेर मोठी सूट चालू असते, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून बघावेत. मी मांडले, तरी कँटीनच स्वस्त पडली. जवान पोरांनो, मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये याचं वेगळं माणूस असतं, थेट त्यालाच गाठा.

नागपूरहून

आमचं 2025च्या पितृपक्षातलं. त्या वर्षी 15 ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, 3 सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला आणि 22 सप्टेंबरपासून, नेमकं घटस्थापनेला, चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट 29 टक्क्यांवरून 18वर आला. मधल्या काळात शोरूम ओस पडले होते. बाबा म्हणाले, पितृपक्षात गाडी घ्यायची नाही. मी म्हटलं, घ्यायची नाही, पण बोलायला काय हरकत आहे? आम्ही त्याच दिवसांत घासाघीस केली, शोरूममध्ये दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि मॅनेजर स्वतः येऊन बसला. करकपात आणि त्यांच्याकडची सूट दोन्ही मिळाली पाहिजे, असं बुकिंगच्या कागदावर लिहून घेतलं. बिल नवरात्रात झालं.

हिशोब सांगतो. करापूर्वीची किंमत सहा लाख धरा. आधी 7 लाख 74 हजार, नंतर 7 लाख 8 हजार. फरक 66 हजार, शिवाय आरटीओचा 11 टक्के कर कमी रकमेवर लागला, ते आणखी सात हजारांवर. सूट वेगळीच. नवरात्र लागल्यावर इतकी गर्दी झाली की आमच्या शेजाऱ्यांना कोणी चहासुद्धा विचारला नाही.

छत्रपती संभाजीनगरहून

मी काउंटरच्या पलीकडचा, शोरूममध्ये विक्रीचं काम करतो. वरचे अनुभव बरोबर आहेत, थोडी भर घालतो.

सूट दोन ठिकाणांहून येते. एक कंपनीची, जी त्या महिन्याच्या परिपत्रकात मॉडेल आणि व्हेरियंटप्रमाणे ठरलेली असते: रोख, एक्स्चेंज (जुनी गाडी दिल्यावर), कॉर्पोरेट (ठरावीक कंपन्यांच्या नोकरदारांसाठी). ती कंपनीच भरून देते, म्हणून मागितली तर मिळते, मात्र पात्रतेचा कागद लागतो. दुसरी डीलरच्या स्वतःच्या मार्जिनमधली. नव्या गाडीवर मार्जिन तसं थोडंच असतं, कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगमधून होते. म्हणून गिऱ्हाईक 'लोन बँकेतून, विमा बाहेरून, ॲक्सेसरीज नको' म्हणालं की आमचा चेहरा पडतो. ते तुम्ही जरूर म्हणा. पण त्यातली एखादी गोष्ट आम्हाला रास्त भावात देऊ केलीत, तर रोख सूट सुटणं सोपं जातं.

यार्डात उभ्या गाडीवर डीलर बँकेचं व्याज भरत असतो. त्यामुळे 'तुमच्याकडे उभी असलेली कोणती गाडी देता?' हा प्रश्न सोन्याचा आहे. रंगाचा हट्ट सोडलात तर फरक पडतो. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ऑफर बहुतेक वेळा बुकिंगच्या महिन्याची नसते, बिल होईल त्या महिन्याची लागते. 28 तारखेला बुक करून गाडी पुढच्या महिन्यात येणार असेल, तर आजची सूट तेव्हा टिकणार का, ते लेखी घ्या. महिनाअखेरीला आमच्यावर टार्गेटचा दाब असतो हे खरंच, पण नुसता भाव काढायला आलेला माणूस आम्हाला ओळखू येतो. 'हा आकडा दिलात तर आज पैसे भरतो' असं म्हणणाऱ्यासाठी मी मॅनेजरशी भांडतो.

ठाण्याहून

डिसेंबरबद्दल लिहितो. मारुतीची जिमनी 2023च्या जूनमध्ये 12 लाख 74 हजारांपासून सुरू झाली होती. त्याच डिसेंबरात तिचीच थंडर एडिशन 10 लाख 74 हजारांपासून आली. मला ती गाडी पहिल्यापासून आवडत होती, सह्याद्रीतल्या वाटांवर न्यायची होती. थांबलो आणि डिसेंबरात घेतली. पासिंगवर उत्पादनाचं वर्ष 2023 पडलं, जानेवारीत घेतली असती तर कदाचित 2024 पडलं असतं. तीन-चार वर्षांत विकायची असेल तर हे एक वर्ष विकताना भोवतं. मी दहा वर्षं ठेवणार आहे, मला त्याचं काही नाही. जानेवारीत बहुतेक कंपन्या भाव वाढवतात, त्यातूनही सुटलो.

दहा लाखांवरच्या गाडीला डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. तो खर्च नाही, रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो. पण दोन कोटेशनची तुलना करताना एकात तो धरलेला आणि दुसऱ्यात नसलेला, असं होऊ शकतं. नीट बघा.

इचलकरंजीहून

कॉर्पोरेट सवलतीसाठी 'गाडी कंपनीच्या नावावर घ्या' असा सल्ला कोणी दिला तर आधी आकडेमोड करा. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला आरटीओचा कर 20 टक्के आहे. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला माझ्या नावावर 99 हजार, प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर 1 लाख 80 हजार. सूट मिळत होती 15 हजार! घसाऱ्याचा फायदा (गाडीची घटती किंमत खर्चात धरून वाचणारा कर) आमच्या सीएंनी मोजून दाखवला, तरी माझ्याच नावावर बरी पडली. ज्याचा नफा मोठा आहे त्याचं गणित वेगळं निघेल.

नाशिकहून

एक्स्चेंजबद्दल माझा अनुभव. आमची जुनी गाडी शोरूमने एक लाख 60 हजारांना धरली आणि वर 25 हजारांचा बोनस देतो म्हणाले. बाहेरच्या ओळखीच्या गिऱ्हाइकाने दोन लाख 10 हजार दिले. म्हणजे बोनस धरूनही शोरूमचा सौदा 25 हजारांनी कमी. इथवर बऱ्याच जणी पोहोचतात. पुढचं विचारा: गाडी बाहेर विकून आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा दिला, तर बोनस मिळतो का? आमच्या शोरूमने हो म्हटलं, आरसीची प्रत दिल्यावर बोनस जमा झाला. फक्त फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलल्याशिवाय गाडीची किल्ली देऊ नका. उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते.

डोंबिवलीहून

नाशिकच्या ताईंना जोड. जुनी गाडी अधिकृत केंद्रात भंगारात काढली असेल तरी सूट मिळू शकते. 2024च्या ऑगस्टमध्ये बऱ्याच कंपन्यांनी एक्स-शोरूमच्या दीड टक्का किंवा 20 हजार, जे कमी असेल ते द्यायचं कबूल केलं होतं. वडिलांच्या गाडीचं प्रमाणपत्र दाखवलं तेव्हा सेल्सच्या मुलाला याची माहितीच नव्हती. मॅनेजरला होती.

न्यू जर्सीहून

इकडची तऱ्हा वेगळी. न्यू जर्सीत रविवारी गाड्यांची विक्री कायद्याने बंद असते. आम्ही दोघं मुद्दाम रविवारी जायचो. 1958च्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचं लेबल असतं. मागे सेल्समन नसताना तेच निवांत वाचायचं, फोटो काढायचे. मग आठवड्यात अनेक डीलरना एकच मेल: ह्या गाडीचा 'आउट द डोअर' भाव द्या, 6.625 टक्के विक्रीकर, डॉक्युमेंट फी, नोंदणी सगळं धरून. डॉक्युमेंट फी डीलरगणिक इतकी बदलते की कमी भाव दाखवणारा शेवटी महाग निघतो. कमी आकडा दुसऱ्याला पाठवायचा, बस्स. शेवटी कागद करायला आत बसवतात तेव्हा वॉरंटी, कोटिंग, टायर संरक्षण असं एकामागून एक पुढे येतं. तिथे नवऱ्याने सगळ्यालाच 'नो, थँक यू' म्हटलं आणि भाव मेलमधलाच राहिला.

सावंतवाडीहून

आमच्याकडे एका कंपनीचं एकच शोरूम, त्यामुळे घासाघीस करायला वाव कमी. मी कोल्हापूरहून कोटेशन मागवलं, 22 हजारांनी कमी आलं. तेच घेऊन इथल्या शोरूममध्ये गेलो. सर्व्हिसिंग तुमच्याकडेच करणार आहे, तेव्हा जवळपास आणा, म्हटलं. 17 हजार उतरले. उरलेल्या पाचासाठी घाट चढून जायची इच्छा नव्हती.

मोठी सूट म्हणजे कधी कधी खूप दिवस उभी राहिलेली गाडी. तिचं काही वाईट नाही, पण बघून घ्यावी. बिल आणि पासिंग व्हायच्या आधी यार्डात जाऊन गाडी पाहायची, असं मी बुकिंगलाच सांगितलं होतं. दिवसाउजेडी गेलो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आणि स्टेपनी ताडून पाहिली. किलोमीटर, बॅटरी, काचा, दाराच्या कडांचा रंग पाहिला. पहिल्या गाडीच्या मागच्या बंपरला ओरखडा होता, त्यांनी वाद न घालता दुसरी दाखवली. तिचा चेसिस नंबर फोटोत घेतला, मग उरलेले पैसे भरले. बिल त्याच नंबरचं झालं आणि पासिंग एमएच 07.