मादी रॅटमध्ये ताणाचा चेतापेशींच्या स्पाइनवर परिणाम: प्रजनन चक्राचा टप्पा पाहिल्याशिवाय चालेल का?

सीए१_विद्यार्थी
मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातल्या डेन्ड्राइटिक स्पाइनवर (चेतापेशीच्या फांद्यांवरचे बारीक उंचवटे) ताणाचा परिणाम पाहायचाय. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या ट्रेसी शोर्स यांच्या गटाच्या २००१ च्या पेपरात एकाच प्रकारच्या ताणानं नरांत स्पाइन वाढल्या आणि माद्यांत घटल्या. बेत असा: एकदाच ताण, २४ तासांनी मेंदू काढायचा, गोल्जी-कॉक्स पद्धतीनं पेशी रंगवायच्या, ८ नर आणि ८ माद्या. गाइडचं म्हणणं, माद्यांच्या प्रजनन चक्राची भानगड नको, माद्यांची सरासरी काढा. चालेल?

गोल्जीवाला
नाही. चक्राचे टप्पे क्रमानं प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटइस्ट्रस, डायइस्ट्रस. रॉकफेलर विद्यापीठात वूली, गूल्ड आणि मॅकइवन यांनी १९९० मध्येच दाखवलंय की प्रोइस्ट्रस ते इस्ट्रस या साधारण २४ तासांत सीए१ च्या स्पाइन सुमारे ३० टक्क्यांनी उतरतात, तेही कुठलाही ताण न देता. चक्र ४-५ दिवसांचं, त्यात प्रोइस्ट्रस जेमतेम अर्धा दिवस आणि डायइस्ट्रस दोनेक दिवस. न बघता ८ माद्या उचलल्या तर निम्म्याच्या आसपास डायइस्ट्रसच्या निघतील, प्रोइस्ट्रसची जेमतेम एखादी. डायइस्ट्रसमध्ये स्पाइन आधीच कमी, मग ताणानं घटणार काय? शेवटी "माद्यांत परिणाम नाही" असं लिहून मोकळे व्हाल.

मेंदू प्रोइस्ट्रसला हवा असेल तर ताण आदल्या दिवशी, म्हणजे डायइस्ट्रसच्या शेवटच्या दिवशी द्यायचा. त्यासाठी निदान सलग दोन नियमित चक्रं आधी नोंदवून ठेवा. अनियमित मादी गटात घेऊच नका.

स्मिअर_ताई
टप्पा ओळखायला स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, रोज ठरलेल्या वेळी, सकाळी. बोथट टोकाच्या पिपेटमध्ये १०-२० मायक्रोलिटर सलाइन, टोक अगदी थोडंसंच आत, दोन-तीनदा हलकं आत-बाहेर करून थेंब स्लाइडवर. टोक गर्भाशयमुखाला लागलं तर खोटी गर्भधारणा होते आणि मादी पुढचे १२-१४ दिवस डायइस्ट्रसमध्येच अडकते.

रंगवायला मिथिलीन ब्लू पुरतं. गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, पापुद्र्यासारख्या पेशी म्हणजे इस्ट्रस. बारीक श्वेतपेशींचीच गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. तिन्ही एकत्र दिसल्या तर मेटइस्ट्रस. नवख्याचा घोळ इथेच होतो, मेटइस्ट्रसमधल्या केंद्रकवाल्या पेशी बघून प्रोइस्ट्रस लिहून टाकतात. कालची स्लाइड शेजारी ठेवून मगच ठरवा.

सीए१_विद्यार्थी
मग नरांना यातलं काहीच करायचं नाही?

गोल्जीवाला
करायचं. स्मिअर हाही ताणच आहे. नरांनाही तेवढाच वेळ, तशाच पकडीत धरा, नाहीतर फरक लिंगाचा की हाताळणीचा, हे कळणार नाही. ताण न दिलेला गटही दोन्हीकडे हवा, म्हणजे गट चार. ८-८ चे आकडे त्यात अर्धे होतात, तेव्हा प्राणी-प्रयोगांच्या नैतिकता समितीच्या मंजुरीसाठी अर्ज लिहितानाच संख्या वाढवून मागा. कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक) मोजणार असाल तर पिंजऱ्याला हात लागल्यापासून ३ मिनिटांच्या आत रक्त घ्या, उशीर झाला की तुमच्याच हाताळणीनं पातळी चढते.

मोजणी करणाऱ्याला गट माहीत नसावा. पूर्ण रंगलेल्या आणि शेजारच्या पेशींत न गुंतलेल्या पेशीच घ्या, फांद्यांचे निदान १० मायक्रोमीटरचे तुकडे, एपिकल (पेशीच्या टोकाकडच्या) आणि बेसल (तळाकडच्या) फांद्या वेगळ्या. एका प्राण्याच्या सहा पेशी म्हणजे सहा नमुने नव्हेत. त्यांची सरासरी घ्या, नमुना एकच.

संप्रेरक_कट्टा
दोन गोष्टींची भर घालतो. प्रोइस्ट्रसनंतरची घट नुसतं इस्ट्राडायॉल हे संप्रेरक उतरल्यानं होत नाही. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक आधी काही तास स्पाइन वाढवतं आणि मग झपाट्यानं खाली आणतं. त्याचा रिसेप्टर आरयू-४८६ या औषधानं अडवला की ही घट थांबते. म्हणून "प्रोइस्ट्रस" एवढंच लिहून भागत नाही, मेंदू किती वाजता काढला तेही वहीत हवं.

दुसरं, २१ दिवस रोज ६ तास जाळीत कोंडण्याचे पेपर यात मिसळू नका. तिथे मुख्यतः नरांत, हिप्पोकॅम्पसच्याच सीए३ भागातल्या पेशींच्या एपिकल फांद्या आखडतात. भाग वेगळा, मुदत वेगळी आणि मोजायची वस्तूही वेगळी.

गाइड चक्राला अजिबातच तयार नसतील तर अंडाशय काढलेल्या माद्या घेऊन एकीला तिळाच्या तेलात इस्ट्राडायॉल, दुसरीला नुसतं तेल, असे गट करता येतात. खर्च मात्र स्मिअरपेक्षा जास्त, आणि शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर थांबावं लागतं.